पॉलिशच्या डबीचं चाक

झाकणाच्या काठाला चाकूच्या टोकानं पडलेली खोक — ती तिथंच होती, आणि चाक फिरेल तशी सावकाश वर येत होती, पुन्हा खाली जात होती... वारा म्हणावा तर नव्हता. पारावरचा पिंपळ, ज्याची पानं कुणी नुसतं खाकरलं तरी सळसळतात, तोही वैशाखाच्या त्या सकाळी गप्प होता. तरी गाड्याचं पुढचं डावं चाक फिरत होतं. आत्ताच कुणीतरी खाली ठेवला असेल, त्या हिसक्यानं फिरत असेल, असं वाल्मिकनं स्वतःला समजावलं. गाडा पहाटेपासून इथंच होता आणि त्याच्या वाऱ्यालाही कुणी उभं राहिलेलं नव्हतं, हे ठाऊक असूनही समजावलं. स्वतःला समजावणं याच विषयात तो बी. ए. झाला होता, पुण्याला त्याला तत्त्वज्ञान म्हणत.

गाडा म्हणजे हातभर लांबीचा, कामट्यांचा, लहान मुलानं ओढत न्यावा असा. वर हिरवा खण, आत शेंदूर फासलेला दगड, म्हणजे मरीआई. तिच्या पुढ्यात बांगड्या, लिंबं, भाताची मूठ. गावात पटकीची, कॉलऱ्याची साथ शिरली की आईला गाड्यात बसवायची, ओटी भरायची आणि मानानं शिवेपलीकडे पोचवायची. शिवेपलीकडे दुसरं गाव असतं हा दोष भूगोलाचा, धर्माचा नव्हे. ते गाव आपल्या परीनं ओटी भरतं आणि तिसऱ्याच्या शिवेवर पोचवतं. प्रत्येक घरानं गाड्याला काहीतरी द्यायचं असतं. पंधरवड्यापूर्वी गावानं हा गाडा बांधला, तेव्हा वाल्मिक शनिवारचा भिवपुरीहून सायकलवर घरी आलेला होता. तिथल्या पॉवरहाउसात तो कारकून, आणि गावातला एकटाच बूट घालणारा. चाकाला काही गोल मिळेना म्हणून लोक अडले होते, तेव्हा त्यानं बुटाच्या पॉलिशच्या डबीचं झाकण काढून दिलं होतं आणि म्हणाला होता, ‘घ्या, विलायतेचा हातभार.’ लोक हसले होते. तोही हसला होता. गाडा वहाळ ओलांडून पळसखांडच्या हद्दीत गेला होता.

आणि आज पहाटे तो वरच्या गावाच्या अंगानं, करंजाखाली येऊन उभा होता.

‘हा आपलाच गाडा आहे, पाटील,’ वाल्मिक म्हणाला.

कोंडाजी पाटलांनी तंबाखू मळता मळता त्याच्याकडे पाहिलं. ‘आपला कसा आसंल? आपला त्या अंगानं गेला. ह्यो ह्या अंगानं आला.’

‘फिरून आला. सगळ्या गावांनी पुढं पुढं ढकलला, तो फिरून आला.’

‘आई काय हवा खायाला निघाली व्हती काय रं?’ धाकलू भगत म्हणाला. तो गाड्यापासून बऱ्याच अंतरावर उकिडवा बसला होता. देवीशी त्याचा घरोबा होता, तो लांबून.

‘हे झाकण माझं आहे. ही खोक बघा. डबी उघडताना चाकू निसटला होता.’

‘आरं, जगात पालिसची काय येकच डबी हाय? आनि चाकू काय तुजाच निसटतो?’

तर्क बिनतोड होता. पुण्याला एवढ्या तर्कावर दुसरा वर्ग सहज मिळाला असता.

कोंडाजींनी तंबाखू ओठात धरली. ‘आसंल तर आसंल तुजं झाकन. आता न्यायाचा कुनी ते बोल. मागल्या खेपंला मोरूनं नेला. मोरू दोन दिसांत गेला.’

‘मोरू ओढ्याचं पाणी प्याला होता.’

‘पानी तर समदेच पित्यात.’ त्यांनी बाजूला पिंक टाकली. ‘त्यापरास तू ने. आमाला भ्या वाटतं. तू आईला मानीतच नाय, तुला कशाचं भ्या?’

म्हणजे इतक्या वर्षांनी त्याच्या शिक्षणाचा गावाला उपयोग सापडला होता. वाल्मिक नाही म्हणणार होता. नाही म्हणायला त्याच्याकडे निदान तीन देशांचे विचारवंत होते. पण कोंडाजी पुढे म्हणाले, ‘तू गाडा पोचव, मी तुला हीर देतो. ते तुजं लाल आवशीद आज घाल हिरीत. कुनी आडवा आला तर मी हाय.’

कर्जतच्या आरोग्यखात्याच्या माणसानं दिलेली लाल औषधाची पुडी वाल्मिकच्या कोनाड्यात तशीच पडून होती. विहिरीत ती टाकली की पाणी रक्तासारखं दिसतं, आणि आईला रक्त दाखवलं की ती आणखी मागते, असं धाकलूनं गावाला सांगून ठेवलं होतं. चार दिवस वाल्मिक घरोघर समजावत होता. स्वतःला समजावण्यात तरबेज असलेल्या माणसाला दुसऱ्याला समजावणं मुळीच जमत नाही, हे त्याला या चार दिवसांत कळलं होतं. आणि काल मध्यान्हीपासून सोनी...

तो घरी आला तेव्हा त्याची बायको इंदू लेकीच्या, सोनीच्या तोंडात चमच्यानं पेज सोडत होती, आणि पेज तोंडाच्या कडेनं परत येत होती. पाच वर्षांच्या पोरीचे डोळे एका रात्रीत एखाद्या म्हातारीचे झाले होते. ते उघडे होते पण कुणाला बघत नव्हते. कर्जतच्या डॉक्टरनं सुई टोचली होती, आणि पाणी उकळून द्या, असं इंग्रजीत सांगितलं होतं.

‘मी गाडा घेऊन चाललोय,’ वाल्मिक म्हणाला.

इंदूनं मान वर केली नाही. ‘पळसखांडला?’

‘हो.’

पळसखांडला येसू होती. वाल्मिकची धाकटी बहीण, तिथं दिलेली. पटकी आल्यापासून गावांनी शिवा बंद केल्या होत्या. पंधरवडाभर तिकडचं माणूस इकडे आलं नव्हतं, इकडचं तिकडे गेलं नव्हतं. इंदूला हे सगळं ठाऊक होतं. तिनं चमचा वाटीत ठेवला, सोनीचं तोंड पदरानं पुसलं आणि अगदी हळू, जणू झोपलेल्या कुणाला जाग येऊ नये अशा आवाजात म्हणाली, ‘त्यांच्याकडं हिरी दोन हायत.’

 वाल्मिकला एकदम थंडी वाजली — वैशाखात. ही इंदू, जी दारावरच्या कुत्र्याला भाकरी टाकल्याशिवाय जेवत नाही... पण तिनं वाईट काय म्हटलं? तिनं फक्त दोन विहिरी मोजल्या. त्यानं स्वतः वाटेत मनाशी जे गणित मांडलं होतं ते याहून वेगळं नव्हतं: एका पारड्यात कामट्यांचं खेळणं, जे कुणाचंही काही वाकडं करू शकत नाही, दुसऱ्यात औषध घातलेली विहीर, म्हणजे सबंध गाव. विलायतेत अशी बेरीज मांडणारे लोक होऊन गेले, आणि त्यांचे पुतळे उभे आहेत.

गाडा उचलायचा माणूस ठरला की गाव पाठ फिरवतं. नेणाऱ्याकडे कुणी बघायचं नाही. नेणाऱ्यानं मागं बघायचं नाही आणि तोंडातून शब्द काढायचा नाही; बोलला तर आई त्याची. गाडा जमिनीवरून ढकलायचा तो फक्त शिवेवर, पलीकडे, तोवर डोक्यावर. वाल्मिकनं चुंबळ ठेवली, गाडा उचलला, आणि निघाला. तेव्हा त्याच्या लक्षात आलं की आपण आपलं गाव असं कधी पाहिलेलं नाही. ओट्यावर, दारात, गोठ्याच्या तोंडाशी माणसं उभी होती आणि सगळ्यांच्या पाठी त्याच्याकडे. पदूची पाठ. सोनुबाईची वाकलेली पाठ. कोंडाजींची रुंद पाठ, घामानं नकाशा उमटलेली. त्याची स्वतःची आई बायजा, दारात, भिंतीकडे तोंड करून, पोराला पाठुंगळी घ्यावं तसे हात मागं बांधून. ऊन माथ्यावर आलेलं, उजेड इतका लख्ख की प्रत्येक पाठीची सावली तिच्या पायाशी गोळा झालेली. कुणी खोकलंसुद्धा नाही. त्याला वाटलं, आत्ता मागं वळून पाहिलं तर या सगळ्यांना पुढच्या बाजूलाही पाठच असेल.

फाजील विचार. तो चालू लागला.

शेतांत राब भाजून झालेले होते. जागोजाग काळे चौकोन, आणि जळक्या शेणाचा वास. वरून विजेच्या तारा गेल्या होत्या, मुंबईकडे. गावावरून वीज जात असे, गावात येत नसे. त्या तारा गुणगुणत होत्या. एरवीही गुणगुणतात, पण एरवी खाली माणसांचे, गुरांचे आवाज असतात... वाईट म्हणजे काय? पुण्याचे ते प्रोफेसर, काळी टोपी, तपकिरीची डबी, एका हातानं धोतराचा सोगा धरून दुसऱ्यानं हवेत वर्तुळ काढत म्हणायचे: वाईट म्हणून काही वस्तूच नाही, गृहस्थहो. चांगल्याचा अभाव, एवढंच. धोतराला भोक पडतं. ते भोक म्हणजे काही कापड नव्हे. ते कुठून आणलं, कुणी विणलं, असं विचाराल काय? वर्ग हसायचा, कारण प्रोफेसरांच्या धोतराला खरंच भोक होतं. आणि वाल्मिकला, मराठी शाळेतून वर चढत चढत आलेल्या, चेड्याच्या आणि वेताळाच्या भीतीनं लहानपणी वहाळाकडे एकटा कधी न गेलेल्या वाल्मिकला त्या दिवशी असं मोकळं वाटलं होतं की तो फर्ग्युसनच्या टेकडीवर जाऊन एकटाच मोठ्यांदा हसून आला होता. नाही! मुळात नाहीच! हल्ली वर्तमानपत्रात रोज लिहून येतं की चांगलं एका बाजूला आहे, वाईट दुसऱ्या बाजूला, आणि मध्ये रणगाडे आहेत. वाल्मिक ते वाचून हसतो. भोकाशी कोण लढाई करतं?

गाड्याचं वजन त्याला जाणवलं. उचलताना नव्हतं. कामट्या, चिंध्या, एक दगड... चढ नाही, काही नाही, आणि मान आखडत होती. ऊन. उपाशी पोट. त्यानं गाडा जरा पुढं घेतला, तशी खणाच्या कडेला बांधलेली एक चिंधी लोंबून त्याच्या डोळ्यासमोर आली.

प्रत्येक गावात ज्या घरी दुखणं, त्या घरानं आपल्या अंगावरच्या कापडाची एक चिंधी गाड्याला बांधायची. अशा पुष्कळ होत्या. त्यानं बघितल्या नव्हत्या. ही समोरच आली. डाळिंबी काठ, त्यात मोडक्या चौकड्यांची पिवळी ओळ. ती ओळ मोडकी आहे म्हणून कर्जतच्या दुकानदारानं लुगडं थोडं कमी दरात दिलं होतं, आणि भाऊबीजेला येसू ते बघून म्हणाली होती, ‘दादा, शिकलेल्या भावानं असंच डोळं मिटून घ्यावं लुगडं.’ आणि तेच वर्षभर नेसली होती.

म्हणजे येसूच्या घरी. कुणाला? तिला स्वतःला? गजाला? गजा तिचा एकुलता, सोनीहून वर्षानं मोठा, मामाचे बूट घालून अंगणात पडणारा... चिंधी काही सांगत नव्हती. बांधली तेव्हा कुणीतरी आजारी होतं. त्यानंतर बरं झालं की गेलं, ते चिंधीला कुठून ठाऊक? वाल्मिकच्या डोक्यावर त्याच्या बहिणीच्या घराचं दुखणं होतं, आणि तिच्या घरात, त्याआधी, त्याच्या घराचं झाकण गेलं होतं. तिनं ओळखलं असेल. कॉलेजातून सुट्टीला यायचो तेव्हा बूट तीच पुसून ठेवायची, डबी उघडताना चाकू निसटून बोट तिचंच कापलं होतं. मग तिनं ते झाकण आपल्या हातानं पुढं ढकललं? मग ते सगळीकडून फिरून सोनीच्या —

थांब. गाड्यानं काही होत नाही. पाण्यानं होतं. ओढा एकच, वरून खाली येणारा, सगळी गावं त्याचंच पाणी पितात, विहिरींत झिरपतं तेही तेच. मोरू पाण्यानं मेला. सोनी पाण्यानं... गाडा म्हणजे भोक. पण भोक जर आहे, तर ते कुठंही ठेवलं तरी चालेल. इथं बांधावर ठेव. कुणी बघत नाही, सबंध गावानं पाठ केली आहे. परत जाऊन सांग, पोचवला. कोंडाजी विहीर देतील. कुणीच बघत नसताना माणूस चांगला का राहील, हा ग्रीकांचा जुना प्रश्न. परीक्षेत त्यावर त्यानं पानंच्या पानं लिहिली होती आणि चांगले गुण मिळवले होते. तर ठेव ना. गुडघे वाकव. ठेव.

त्याचे गुडघे वाकले नाहीत. इथं, बांधावर, अजून आपल्याच गावाची हद्द होती. घराकडे तोंड करून ते चाक फिरत राहिलं असतं...

मानत नाहीस ना? मग?

तो चालत राहिला.

वहाळ कोरडा होता. नुसते धोंडे, पांढरे, आणि मध्ये एका डबक्यात शेवाळ. अलीकडच्या काठावर चेडा उभा: शेंदराचा वीतभर दगड, शिवेचा राखणदार. चेडा चांगला की वाईट असं गावात कुणी विचारत नाही. त्याला कोंबडं देतात. वाल्मिक पात्रात उतरला. धोंडे तापलेले होते. पलीकडच्या काठावर करवंदीच्या जाळीजवळ एक बाई उभी होती, डोक्यावरून पदर, हातात काठी. तिच्या पदराला काठ नव्हता. काठ जिथं असतो तिथं फाटलेल्या दोऱ्यांची झालर होती.

‘थांब तितंच,’ ती म्हणाली. आणि मग, ‘दादा?’

तो थांबला.

‘तू बोलू नको हां. तुला बोलायचं नसतं.’ आवाज येसूचाच, फक्त त्यातलं हसणं कुणी काढून घेतल्यासारखा. ‘मला बसवलीय हितं. म्हंत्यात, मागल्या टायमाला हिच्या म्हायेरनंच धाडला, आता हीच आडवंल. आन् आला तर हिनंच न्यावा.’ तिनं काठी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. ‘झाकन वळखलं मी. मागल्या खेपंलाच. कुनाला बोलली नाय.’

वाल्मिक बघत राहिला. मागं, खूप मागं, तारा गुणगुणत होत्या. डोक्यावर काहीतरी बारीक, कोरडं किरकिरत होतं. ते चाक होतं, हे त्याला न बघता कळलं.

‘आमी खालच्या अंगाला ढकलला व्हता, दादा. तुमच्याकडं नाय. देवाशपथ.’ आणि लगेच, ‘सोनी बरी हाय?’

त्यानं तिच्या पदराच्या झालरीकडे पाहिलं.

‘नुसती मान हालव. बोलू नको, मान हालव.’

पण डोक्यावर गाडा होता. मान हलवली असती तर आई शेंदरासकट धोंड्यांवर पडली असती. पश्चिमेच्या अडीच हजार वर्षांत या अडचणीचा कुणी विचार केलेला नव्हता. येसू त्याच्या तोंडाकडे बघत होती; एक पाऊल पुढं आली, काठी खाली टेकली. तिचा चेहरा असा उघडा होता की त्याकडे बघवेना, त्यावर काहीतरी पांघरूण घालायला हवं होतं, लगेच, हाताशी असेल ते —

‘बरी आहे,’ वाल्मिक म्हणाला.

शब्द बाहेर पडला आणि वहाळात पडून राहिला. येसूनं तोंडावर हात ठेवला.

दारात खुनी उभा असला तरी त्याच्याशी खोटं बोलू नये, असं एका जर्मन ब्रह्मचाऱ्याचं मत होतं. त्याला बहीण होती की नाही, याची वाल्मिकला माहिती नव्हती. आता बोललोच आहोत, म्हणून त्यानं विचारलं, ‘आणि गजा?’

हात तोंडावरून खाली आला. ‘बरा हाय,’ येसू म्हणाली.

स्वर त्याच्या ओळखीचा होता. सपाट, नीट पुसून ठेवलेला, आतलं काही दिसू न देणारा. आत्ताच, याच वहाळात, त्यानं तो ऐकला होता — स्वतःच्या तोंडून. त्या दोन शब्दांनंतर ती दोघं एकमेकांकडे बघत उभी राहिली, आणि दोघांनाही सगळं कळलं होतं, आणि दोघांनीही ते परत घेतलं नाही.

मग भीती आली. ती डोक्यातून आली नाही, पोटऱ्यांतून आली, लहानपणी यायची तशी. आणि तिच्याबरोबर ते वाक्य, धाकलूच्या आवाजात: बोलला तर आई त्याची. वाल्मिकनं तिला वाट करून दिली. पोटात काही हलतंय का, त्यानं कान लावून ऐकलं. जीभ कोरडी होती. पण ऊन होतं. पायांत गोळे आल्यासारखं वाटलं; पण चाललो होतो किती. पुराव्याला पुरावा छेद देत होता. तो नेहमीसारखा समजावायला निघाला — गाड्यानं काही होत नाही, वाईट म्हणून काही वस्तूच नाही — आणि अर्ध्या वाटेवर थांबला. कारण ते जर खरं असेल तर तो एक उपाशी कारकून आहे, डोक्यावर चिंध्या घेतलेला, आणि सोनीचे डोळे तसेच उघडे आहेत, आणि गजा... पण ते जर खोटं असेल? वस्तू असेल? हातभर लांबीची, वजनाची, नियमानं चालणारी, बोलणाऱ्याची होणारी? तर मग ती आता त्याची. पळसखांडची नाही, त्याच्या गावाची नाही. इंदूची नाही, सोनीची नाही, गजाची नाही. कुणाला विहिरी मोजायला नकोत.

तो उभा राहिला. गाडा पलीकडे ठेवायचा नव्हता, अलीकडे ठेवायचा नव्हता. इथंच पात्रात उतरवावा तर पहिल्या पुरासरशी तो वाहत कुणाच्या तरी पाणवठ्याला लागणार होता.  येसू पदराच्या फाटक्या कडेचे दोरे बोटाला गुंडाळत होती. मागं गाव पाठ करून उभं होतं, तो परत येईपर्यंत उभं राहणार होतं, आणि कोनाड्यात लाल पुडी.

चाकाची किरकिर थांबली. किंवा त्याला ऐकू येईनाशी झाली. वाल्मिकनं दोन्ही हात वर नेऊन गाडा घट्ट धरला, डोळे मिटले, आणि आयुष्यात पहिल्यांदा कुणाकडे तरी — कुणाकडे, हे त्याला सांगता आलं नसतं — मनापासून मागितलं की प्रोफेसर चुकलेले असोत. आणि पोटात, खोलवर, पहिली कळ यावी म्हणून तो वाट बघत राहिला.